पिंजरा उत्तम, पण झाकणाची पट्टी आधी कापा

शनिवारी संध्याकाळी पिंजरे टाकायचे, रविवारी पहाटे उचलायचे. दोन हंगाम मी आणि माझा मेहुणा हेच करतोय. शेवंडीचे (लॉब्स्टरचे) हे पाच पिंजरे आम्ही एकदमच घेतले: तीन फूट लांब, प्लास्टिकचा लेप दिलेल्या तारेचे.

बांधणी दणकट आहे. अजून कुठे गंज नाही. तळाशी चार विटा बसवल्या की भरतीच्या ओढीतही पिंजरा जागचा हलत नाही. पुढच्या कप्प्यात आमिष (आम्ही खारवलेला मासा लावतो, तो पाण्यात लवकर विरत नाही), तिथून नरसाळ्यासारख्या जाळीतून मागचा कप्पा. शेवंड रात्रीच खायला बाहेर पडते, म्हणून एक रात्र पुरते.

मला सर्वांत आवडली ती बाजूची सुटकेची फट. लहान शेवंडी तळाशीच निसटून जातात, त्यांना वर ओढून हाताळावं लागत नाही. सोबत पितळी मोजपट्टी येते. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीचं कवच संपतं तिथपर्यंत मोजायचं. नांग्या आणि शेपूट धरायची नाही. किमान माप प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेव्हा पट्टी तुमच्या नियमाची आहे ना, ते बघून घ्या. पोटाखाली अंडी दिसली तर मोजूही नका, लगेच पाण्यात सोडा.

आता तक्रार. हरवलेला पिंजरा तळाशी पडून मारतच राहतो. आत अडकलेली मरते, तिच्या वासाने दुसरी येते. म्हणून एक झाकण कुजणाऱ्या दोऱ्याने बांधायचं असतं, म्हणजे काही महिन्यांत ते आपोआप उघडतं. या पिंजऱ्याला झाकण आहे, पण ते प्लास्टिकच्या पट्टीने बांधून आलं! ती कुजणार कधी?

पहिल्याच हंगामात कुठल्याशा बोटीच्या पंख्याने आमचा दोर कापला. दोराला बांधलेला तरंगता बोया वाहत गेला, पिंजरा खाली राहिला. दोन रविवार तळावरून आकडा (हूक) ओढत शोधला, सापडला नाही. त्याची पट्टी मी बदललेली नव्हती. ते अजून सलतं. कंपनीला कळवलं, उत्तर आलं नाही.

त्याच रात्री उरलेल्या चारही पिंजऱ्यांच्या पट्ट्या कापून साधा सुती दोरा बांधला. हंगाम संपल्यावर पाहिलं, तर दोरा बोटाने तुटत होता. आता नवा बांधलाय.