बटण बंद, तरी बल्ब मिणमिणतोच: 9 वॅटच्या पाच एलईडींचे आठ महिने

दिवाळीआधी अमळनेरहून 9 वॅटचे पाच एलईडी आणले, नगाला 90 रुपये. घर खेड्यातलं, जुनं. ओट्यापासून मोरीपर्यंत वडिलांच्या वेळचे 60 चे पिवळे बल्ब. पाच बल्ब रोज पाच तास म्हणजे महिन्याला 45 युनिट, एलईडीला तेच पावणेसात. पाकिटावरचं बाकीचं सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते मोरीतल्या बल्बवर.

पहिल्याच रात्री उठलो तर बटण बंद आणि बल्ब चालू. चालू म्हणजे भिंत दिसणार नाही, पण बल्ब दिसेल एवढा. सकाळी आई म्हणाली, “हाऊ बल्ब रातले झोपस का नही?”

माझ्या डोक्यात एकच किडा: मी झोपलोय आणि मीटर फिरतंय. दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, “लागतो ना? मग खराब कसा?” दोन वर्षांची गॅरंटी बल्ब गेला तर, मिणमिणला तर नाही. बिल दाखवलं, आवाज चढवला, चार गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली तेव्हा कुठे बदलून दिला. घरी येऊन लावला. तोही मिणमिणला. हे तेव्हाच लिहायला बसलो असतो तर एक तारा दिला असता आणि कंपनीचा उद्धारही केला असता.

जानेवारीत मोटारीच्या कामाला वायरमन आला होता, त्याला दाखवलं. त्याने बटण बंद ठेवलं, बल्ब काढला आणि होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर बसवलेलं. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट कायमचाच. वायरींमधून किंचित वीज झिरपते. साठच्या बल्बची तार तेवढ्याने तापत नाही, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. एलईडी मात्र तेवढ्यावरही उजळतो. आणि मी त्या मोरीत ओल्या पायांनी, बटण बंद आहे या भरवशावर बल्ब बदलत आलो होतो. त्याने दहा मिनिटांत वायरी फिरवल्या, मिणमिणणं थांबलं. दुकानदाराशी उगाच भांडलो. अजून त्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून जातो.

बचतीचं म्हणाल तर थंडीत बिल 118 युनिटांवरून 80 च्या आसपास आलं. शंभराच्या पुढच्या युनिटांना दर चढा लागतो, त्यामुळे ते सुख वेगळंच. पण एप्रिल लागला. आपल्याकडचं ऊन सांगायला नको. 180 वॅटचा कूलर रात्रभर दहा तास, महिन्याला 54 युनिट. बल्बांनी वाचवलेलं सगळं कूलर पिऊन वर मागायला तयार.

ओट्यावरचा मे महिन्यात गेला. चूक माझीच, बंद काचेच्या हंडीत लावला होता. आतल्या सर्किटला ती उष्णता सोसत नाही. आता हंडी माळ्यावर, बल्ब उघडा.

स्वयंपाकघरातला अजूनही मिणमिणतो. तिथे वायरिंग बरोबर आहे, पण बटणात लाल दिवा आहे, त्यातून वीज झिरपते. बटण बदलायला आणलंय, खिडकीत पडून आहे. आई बदलू देत नाही. रात्री पाण्याचा माठ दिसतो म्हणते.