'दाखव बघू' म्हणता न येणारा कॅमेरा : निकॉन एफएम२

फिल्मवरच्या फोटोंना 'आत्मा' असतो वगैरे म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांबच राहते. ग्रेन, म्हणजे फिल्मचा तो रवाळपणा, हवा तर फोनमधलं फुकटचं अ‍ॅपही घालून देतं, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर मला फरक ओळखता येईलच याची खात्री नाही. तरी निकॉनचा एफएम२ हा रोलवाला जुना कॅमेरा माझ्याकडे आहे, रोजच्या वापरात आहे आणि तो विकायचा विचार नाही. का, ते पुढे सांगते. आधी यंत्र.

१९८२ साली आलेला हा कॅमेरा २००१ पर्यंत बनत होता. सगळा कारभार यांत्रिक. घड्याळवाल्याकडे मिळणारे एलआर४४ चे दोन सेल लागतात, पण ते फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी. सेल संपले तर व्ह्यूफाइंडरमधली अधिक, शून्य, उणे ही लाल चिन्हं विझतात. शटर मात्र पार १/४००० सेकंदापर्यंत पडत राहतं. हा आकडा आपल्याकडच्या उन्हात नुसता मिरवायचा नाही. ४०० चा (उजेड चटकन टिपणारा) रोल घालून भर दुपारी जेजुरीच्या पायऱ्यांवर उभे राहा. एफ१६ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक) शटर साधारण १/५०० येतं. १/४००० वर गेलात तर लेन्स एफ५.६ पर्यंत उघडता येते आणि मागची गर्दी जरा तरी विरघळते. पेन्टॅक्सच्या के१००० या तशाच जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याची धाव १/१००० पर्यंतच, म्हणजे तिथे तुम्ही एफ११ वर अडकलात. (जेजुरीला कृष्णधवल रोल मात्र नेऊ नये. भंडाऱ्याची राख होते. आणि घरी आल्यावर लेन्सच्या रिंगच्या खाचांमधून हळद काढत बसावं लागतं ते वेगळंच.)

रोल घालणं शिकायला पाच मिनिटं पुरतात. टोक स्पूलच्या फटीत खोचायचं, रोल पुढे सरकवणारी लिव्हर ओढायची, झाकण लावायचं आणि रिवाइंडची घुंडी फिरवून ढील काढायची. पुढच्या लिव्हरला ती घुंडी आपोआप उलटी फिरली, तर रोलने पकड घेतली. फोटोंच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. रोल जागचा हलला नसला तरी आकडा खुशाल पुढे जातो.

तक्रारी आहेत. मीटर चालू करायला लिव्हर थोडी बाहेर ओढून ठेवावी लागते. मी डाव्या डोळ्याने बघते, त्यामुळे ती बरोबर कपाळात खुपते. चष्मा लावून फ्रेमचे चारही कोपरे एकदम दिसत नाहीत. अंधाऱ्या देवघरात फोकस करताना व्ह्यूफाइंडरमधला, फोकस जुळवायचा दुभंगलेला गोल अर्धा काळा पडतो, विशेषतः कमी उघडणारी लेन्स असेल तर.

आता कारण. फोनने फोटो काढला की पाच हात पुढे येतात. "दाखव बघू." आत्या म्हणते, "शी, किती जाड दिसतेय, परत काढ." दुसऱ्या फोटोत सगळे जण स्वतःला दुरुस्त करून उभे. एफएम२ ची पाठ म्हणजे नुसतं काळं झाकण. पोरं कॅमेरा उलटा करून स्क्रीन शोधतात, सापडत नाही, कंटाळतात आणि खेळायला पळतात. गेल्या उन्हाळ्यात वाईला मामी गच्चीवर कुरडया घालत होती. पहिल्या खटक्याला तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "आला का गं नीट?" म्हटलं, "रोल संपून धुतला की कळेल." "मग बस वाट बघत," म्हणाली आणि परत सोऱ्या दाबायला लागली. त्यानंतरचे फोटो मला हवे होते ते. ओठ घट्ट मिटलेले, मनगटावर पीठ, आणि मी तिथे आहे याचा तिला पत्ताच नाही. फोन हातात असता तर मी तिला पहिलाच फोटो दाखवत बसले असते.

खर्चाचं गोड बोलून उपयोग नाही. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून ३६ फोटोंच्या रोलमधला एकेक फोटो चाळीस-पन्नास रुपयांना पडतो. रंगीत रोल मी लॅबकडेच देते. एका ठिकाणी निगेटिव्हची पट्टी फ्रेमच्या मधोमध कापून मिळाली, तेव्हापासून मी पाकिटावर 'कापू नये' असं मोठ्या अक्षरात लिहून देते. कृष्णधवल मात्र घरी धुवा, पैसे वाचतात. इलफर्डचा एचपी५ मी न पातळ केलेल्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशाला साडेसात मिनिटं धुते. मे महिन्यात नळालाच गरम पाणी येतं, म्हणून बादलीत बर्फ टाकून बाटल्या आधी थंड करून घ्याव्या लागतात.

घ्यायचाच असेल तर सिरियल नंबरच्या आधी 'एन' आहे का बघा. ती सुधारित आवृत्ती, फ्लॅश १/२५० च्या शटरला चालतो. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर तो बदलायला लागणार, ते पैसे आधीच किमतीतून कमी करून घ्या. लेन्स उजेडात धरून बुरशीचे धागे शोधा, मुंबई-कोकणातला माल असेल तर दोनदा. शटरच्या पात्यांना बोट लावू नका, विकणारा लावत असेल तर त्यालाही लावू देऊ नका. आणि स्वस्त मिळतोय म्हणून एफएम१० उचलू नका. नाव निकॉनचं असलं तरी तो कोसिना या दुसऱ्याच कंपनीने बनवलेला प्लॅस्टिकचा कॅमेरा आहे. तेवढ्या बजेटात के१००० बरा. एफ११ वर अडकलात तरी चालेल.