जुन्या बंगलीच्या दरजा: चुन्यात भराव्या की सिमेंटमध्ये?

छावणीतल्या किंवा रेल्वे वसाहतीतल्या साध्या बंगलीला कोरीव खांब नसतात, की कुणी नामवंत तिथे राहून गेलेला नसतो. काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात रचलेल्या उघड्या विटा आणि मंगळुरी कौलं, एवढाच तिचा ऐवज. वारसा म्हणून तिची जी काही किंमत आहे ती विटेच्या दर्शनी बाजूत आणि दरजांच्या, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या, जाडीत. वाड्याची एक भिंत लिंपली तरी वाडा उरतो; इथे मात्र दर्शनी भिंतीवर गिलावा चढला की जपण्यासारखं फारसं राहत नाही. नियमांच्या भरवशावरही राहू नये. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत यादीतल्या सर्वांत खालच्या, श्रेणी ३मधल्या इमारतींनासुद्धा बदलांची बरीच मुभा होती.

सिमेंटची बाजू लंगडी नाही. गवंडी कुठेही मिळतो, माल लगेच कालवता येतो आणि काम भराभर उरकतं. चुन्याला वेळ द्यावा लागतो, शिवाय बाजारात मिळणारी फक्की, म्हणजे चुन्याची पूड, बऱ्याचदा उघड्यावर पडून मेलेली असते. म्हणून कळीचा, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचा, खडा घ्यावा आणि पाण्यात टाकून पाहावा: सूं सूं करत फुटला तर घ्यावा, गप्प राहिला तर परत करावा.

माझ्या लेखी निकाल लावला तो लोण्याने, म्हणजे ओलीबरोबर भिंतीत चढणाऱ्या क्षारांनी. जुन्या भिंतीला ओलावारोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल वर चढतेच. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, म्हणून ओल तिच्यातून बाहेर पडते आणि क्षारही तिथेच साचतात. खराब होते ती दरज, आणि ती पुन्हा भरता येते. सिमेंटने ही वाट बंद झाली की ओल विटेतून निघते, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेची पक्की साल सुटते. आतला कच्चा गाभा मग पावसागणिक झरत जातो. सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे उभ्या आणि विटा आत गेलेल्या, असं दिसलं की उशीर झाला म्हणून समजा. खालचे तीन फूट सिमेंटने गिलावले तर लोणा फक्त त्याच्या वर सरकतो.

‘चुन्यात थोडं सिमेंट घालू’ असं गवंडी हमखास सुचवतो. नम्रपणे नाही म्हणावं. त्या मिश्रणात धड कशाचीच ताकद येत नाही.

चुन्याचं काम दिवाळी ते होळीदरम्यान काढावं. कळी पत्र्याच्या पिंपात विरवावी आणि नेहमी पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी नाही. मिश्रण उकळतं, म्हणून चष्मा हवाच. गाळून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावी, नाहीतर न विरलेले कण नंतर दरजेत फुटतात. माल एक भाग चुना, अडीच भाग चाळलेली वाळू असा. खालच्या ओल्या पट्ट्यात वाळूतला एक भाग काढून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालावी.

जुनी दरज छिन्नीने, रुंदीच्या दुपटीइतकी, साधारण २०–२५ मिलिमीटर खोल कोरावी. ग्राइंडर नको, विटेच्या कडा कापल्या जातात. धूळ झाडून भिंत भिजवावी, माल दाबून भरावा आणि विटेच्या किंचित आत ठेवावा, वर फासू नये. पुढचा आठवडाभर ओलं गोणपाट टांगावं. हेच टाळलं जातं, आणि उन्हात भुगा झालेल्या दरजांचा दोष मग चुन्याच्या माथी येतो.

नव्या न्हाणीघराच्या भिंती नव्या विटांच्या असतील तर तिथे सिमेंट खुशाल वापरावं. जुन्या भिंतीत आधीच भरलेलं सिमेंट मात्र घाईने उकरू नये. घट्ट बसलेलं असेल तर विटेची कड घेऊनच निघतं. थापीच्या मुठीने ठोकून पाहावं, पोकळ वाजेल तेवढंच काढावं आणि बाकीचं सैल होईपर्यंत राहू द्यावं.