महाराष्ट्राची एमबीए सीईटी: पंचेचाळीस सेकंदांचा पेपर

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमबीए/एमएमएस सीईटीचा आराखडा चार आकड्यांत मावतो. २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, एक गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. पेपर सोपा होता की अवघड या वादात हा आकडा सहसा कोणी काढत नाही, आणि खरं पाणी तिथंच मुरतं.

प्रश्नांची पातळी बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेच्या आसपासची. गणित बहुतांशी दहावीपर्यंतचं: शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, काळ-काम-वेग, संख्यामालिका, तक्ते आणि आलेख. कॅटच्या, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेच्या, गणितात एखाद्या बीजगणिताच्या प्रश्नापुढं पाच मिनिटं नुसतं बघत बसायची वेळ येते. तसा प्रश्न इथं क्वचित. घरी निवांत सोडवायला घेतला तर बरी तयारी असलेल्या पदवीधराला या पेपरातले दीडशेहून जास्त प्रश्न यावेत. तोच माणूस केंद्रावर शंभर-एकशेदहाच्या घरात अडकतो. म्हणून आमचा निकाल असा: प्रश्नांच्या अवघडपणाला पाचपैकी अडीच, वेळेच्या अवघडपणाला पाचपैकी साडेचार.

कॅटशी तुलना करताना लोक सिलॅबस पाहतात, घड्याळ पाहत नाहीत. २०२४ च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते, म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटं. तीन विभागांना चाळीस-चाळीस मिनिटांची कुंपणं, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा, आणि पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर. सीईटीत विभागांना वेळेचं कुंपण नाही, वजाबाकी नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. कॅटला कुठला प्रश्न सोडायचा हे कळावं लागतं. सीईटीत सोडायचं काहीच नसतं, फक्त कशाला आधी हात घालायचा ते ठरवायचं असतं. नुसती कॅटची तयारी करून सीईटीला बसलेली हुशार मुलं इथं घसरतात ती याच कारणानं. अवघड प्रश्नाशी झुंजायची सवय लागलेली असते, आणि इथं झुंज महागात पडते.

आता विभाग. तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न. वेळेची एक चालणारी वाटणी: आकृत्या १२ मिनिटं, इंग्रजी ३०, गणित ४५, तर्क ५८. बेरीज १४५ होते आणि शेवटची पाच मिनिटं हातात राहतात. त्या पाच मिनिटांचं काम पुढं सांगतो.

पेपर ठरतो तर्कक्षमतेत. पाऊणशे प्रश्नांपैकी मोठा हिस्सा संचांचा असतो: वर्तुळात बसलेले आठ जण, सात मजल्यांची इमारत, कुणाचा आवडता रंग कुठला, कोण कुठल्या शहरात नोकरीला. एका संचावर साधारण चार-पाच प्रश्न. पाच प्रश्नांचा संच चार मिनिटांत उरकला तर प्रश्नामागे ४८ सेकंद लागले, म्हणजे हिशेब जमला. तोच संच सात मिनिटं चालला तर प्रश्नामागे ८४ सेकंद गेले आणि दुसरीकडचे चार सोपे प्रश्न हातचे गेले. गाडी कुठं रुतते तेही ठरलेलं असतं. पहिल्या वाक्यापासून मांडणी सुरू केली की दोन-तीन शक्यता तयार होतात आणि कागदभर चौकटी पसरतात. आधी सगळ्या अटी वाचून ज्या अटीत जागा नक्की ठरते (‘क’ चौथ्या मजल्यावर राहतो, ‘म’ एका टोकाला बसला आहे) तिच्यापासून सुरुवात केली तर निम्मी खाडाखोड वाचते. दीड मिनिटात एकही जागा पक्की झाली नाही तर संच खूण करून सोडावा आणि पुढं जावं. सांकेतिक असमानता, दिशा, नातेसंबंध, अनुमानं हे सुटे प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांचे असतात. ते संचांच्या मागं राहू देणं ही या विभागातली सगळ्यात महागडी चूक.

याच विभागात गृहीतक कुठलं, कृती कोणती योग्य, युक्तिवाद कशानं दुबळा होतो, असे वाचनाचे प्रश्नही येतात. नाव तर्काचं, पण परीक्षा इंग्रजी वाचण्याची. पेपर इंग्रजीतच असतो, त्यामुळं मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला भाषेचा भार फक्त ५० गुणांपुरता आहे असं समजणं चुकीचं ठरतं. संचांच्या अटीसुद्धा ‘इमिजिएट लेफ्ट’ आणि ‘टू द लेफ्ट’ यांतल्या फरकावर उभ्या असतात. पहिल्यात लगेच शेजारी, दुसऱ्यात डावीकडं कुठंही. वर्तुळात बसलेले लोक आत तोंड करून आहेत की बाहेर, ते न वाचता मांडणी केली तर पाचही उत्तरं उलटतात, आणि पर्यायांत तीच उलटी उत्तरं तयार असतात.

गणितात प्रश्न येतो, पण वेळेत येत नाही. एक नमुना घेऊ. एक काम ‘अ’ १२ दिवसांत करतो, ‘ब’ १८ दिवसांत. दोघांनी मिळून ४ दिवस काम केलं, मग ‘अ’ निघून गेला. उरलेलं काम ‘ब’ एकटा किती दिवसांत संपवेल? अपूर्णांकांनी, म्हणजे १/१२ अधिक १/१८ असं गेलं तर सव्वा मिनिट जातं. लसावि ३६ धरून एकूण काम ३६ एकक मानलं की ‘अ’ रोज ३, ‘ब’ रोज २, चार दिवसांत २० झालं, १६ उरलं, उत्तर ८ दिवस. हे वीस-पंचवीस सेकंदांत होतं. पर्यायांत १२ हाही आकडा असणारच, कारण ‘ब’नं एकूण केलेले दिवस तेवढे होतात आणि घाईत प्रश्न तसाच वाचला जातो. आलेखांतही तीच गोष्ट. ४२६० चे १८.७ टक्के काढायला गुणाकार मांडायचा नसतो. १८.७५ टक्के म्हणजे ३/१६, तेव्हा उत्तर ७९९ च्या किंचित खाली. पर्याय ७८०, ७९७, ८१२ असे असतील तर बोट आपोआप ७९७ वर जातं. १/१६ पर्यंतच्या अपूर्णांकांची शेकडेवारी, ३० पर्यंतचे वर्ग आणि १५ पर्यंतचे घन तोंडपाठ नसतील तर ४५ सेकंदांत गणित बसत नाही. दोन अंकी पाढेसुद्धा इथं लाज न बाळगता पाठ करावेत.

आकृत्यांचे २५ प्रश्न अनेकांच्या तयारीत शेवटी येतात किंवा येतच नाहीत, कारण कॅटला ते नसतात. पण इथं गुणामागे सगळ्यात कमी वेळ याच विभागाला लागतो. एका वेळी एकाच घटकावर नजर ठेवायची: फक्त बाण कसा फिरतो ते पाहायचं, पाचपैकी दोन-तीन पर्याय तिथंच गळतात. तीस सेकंदांत नियम दिसला नाही तर तो पुढच्या तीस सेकंदांतही बहुधा दिसत नाही.

इंग्रजीबद्दल थोडक्यात: उतारे लांब असले तरी प्रश्न बरेचसे थेट. आधी रिकाम्या जागा, चुका ओळखणं आणि समानार्थी शब्द, मग उतारे.

आता वजाबाकी नसण्याविषयी. याला विद्यार्थी सवलत समजतात, पण ती सगळ्यांनाच मिळते, त्यामुळं तिचा फायदा कोणालाच होत नाही. उत्तरं कोरी सोडली तर तोटा मात्र होऊ शकतो. पाच पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर पाचात एक बरोबर. दोनशेच्या दोनशे प्रश्नांना अंदाजपंचे दाहोदरसे उत्तरं दिली तरी सरासरी ४० गुण पडतात, म्हणजे गुणपत्रिकेतले पहिले चाळीस गुण ज्ञानाचे नव्हेत. शेवटी ४० प्रश्न उरले तर तुक्क्यानं सरासरी ८ मिळतात, पण नशिबाच्या हेलकाव्यात ते साधारण ५ ते ११ यांमध्ये कुठंही पडू शकतात. दोन पर्याय बाद करता आले तर त्याच ४० प्रश्नांतून १३ च्या आसपास येतात. सगळीकडं ‘क’ लावला काय आणि वेगवेगळी अक्षरं लावली काय, सरासरीत फरक पडत नाही. खरी अडचण वेळेची. पर्याय निवडून उत्तर जतन करायला प्रश्नामागे तीनेक सेकंद लागतात, तेव्हा ४० प्रश्नांना दोन मिनिटं हवीत. शेवटची पाच मिनिटं त्यासाठी. १४५ व्या मिनिटाला नवा प्रश्न वाचणं थांबवावं. नुसता पर्याय निवडून उत्तर धरलं जातं का, पुनरावलोकनाची खूण केलेलं उत्तर मोजलं जातं का, हे सूचनांच्या पानावर दिलेलं असतं. ते परीक्षेच्या आधीच वाचून ठेवावं.

परीक्षा अनेक सत्रांत होते. २०२५ मध्ये ती १ ते ३ एप्रिल अशी तीन दिवस चालली. त्यामुळं ‘माझा स्लॉट अवघड होता’ ही तक्रार दरवर्षीची. निकाल कच्च्या गुणांचा नसून पर्सेंटाइलचा असतो आणि त्याचं सूत्र सरळ आहे: आपल्याच सत्रात आपल्याइतके किंवा कमी गुण मिळालेल्यांची संख्या भागिले त्या सत्रातले एकूण परीक्षार्थी, गुणिले शंभर. समजा एका सत्रात २०,००० जण बसले. त्यांपैकी १९,००० जणांना ११० किंवा त्याहून कमी गुण असतील तर ११० गुणांना ९५ पर्सेंटाइल. दुसऱ्या सत्राचा पेपर सोपा असेल तर तिथं त्याच ९५ साठी ११८ लागतील. म्हणजे सोपा स्लॉट मिळाला म्हणून हुरळून जायचं कारण नाही. उलट सोप्या पेपरात निष्काळजी चुकीची किंमत वाढते, कारण वरच्या पट्ट्यात गर्दी होते. या पद्धतीत एक गृहीतक मात्र आहे: सगळ्या सत्रांत सारख्याच कुवतीची मुलं बसलेली आहेत. संख्या मोठी आणि वाटप सरमिसळ असेल तोवर ते बऱ्यापैकी टिकतं.

मोजपट्टी म्हणून ही परीक्षा कुठं कमी पडते तेही सांगायला हवं. २०,००० च्या सत्रात एक माणूस म्हणजे ०.००५ पर्सेंटाइल. ९९.९८ आणि ९९.९५ यांच्यामध्ये फक्त सहा जण उभे असतात. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी खुल्या गटाचा कटऑफ ९९.९ च्या पुढं जातो, आणि तिथं दोन-तीन गुणांचा फरक निर्णायक असतो. तेवढा फरक तर ४० तुक्क्यांच्या नशिबातच मावतो. निकालात पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढं सात स्थळांपर्यंत छापतात. ती अचूकता भागाकाराची आहे, गुणवत्तेची नव्हे. ८० ते ९५ च्या पट्ट्यात मात्र परीक्षा चांगली चाळणी लावते. तिथं तयारी केलेला आणि न केलेला यांतला फरक पंचवीस-तीस गुणांचा असतो आणि तो नशिबानं भरून निघत नाही.

स्वतःपुरता कठीणपणा मोजायचा तर मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षेच्या, एकूण गुणांवर जाऊ नये. १५० मिनिटं झाली की गुण लिहून ठेवावेत, त्यांतले तुक्के वेगळे काढावेत, आणि उरलेले प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून त्याच दिवशी सोडवावेत. वेळेत ११५ आणि सवडीनं १७० येत असतील तर संकल्पना पक्क्या आहेत. क्रम आणि आकडेमोड सुधारायची. वेळेत १०५ आणि सवडीनंही १२५ च असतील तर आणखी वीस मॉक देऊन काही होणार नाही, आधी विषय करावा लागेल. मॉक विकत घेतानाही हीच कसोटी लावावी. ज्या संचाला दहा मिनिटं लागतात तो कॅटचा उरलेला माल आहे, सीईटीच्या तयारीत त्याचा उपयोग नाही. चांगल्या मॉकमध्ये निम्मे प्रश्न तीस-पस्तीस सेकंदांचे हवेत आणि ते अवघड प्रश्नांच्या मागं लपवलेले हवेत.

परीक्षेच्या संध्याकाळी फिरणारे ‘इतक्या गुणांना इतके पर्सेंटाइल’ असे तक्ते सगळी सत्रं संपायच्या आत निघतात, तेव्हा ते वाचून झोप घालवू नये. त्याऐवजी मागच्या वर्षीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांच्या कटऑफ याद्या उघडाव्यात. तिथं पर्सेंटाइलच्या जोडीला गुणवत्ता क्रमांकही छापलेला असतो. परीक्षार्थींची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाइलवर बसणारी माणसं वाढतात. एक लाखात ९९ च्या वर हजार जण, दीड लाखात दीड हजार. जागा मात्र जवळपास तेवढ्याच असतात, त्यामुळं ऑप्शन फॉर्म (महाविद्यालयांचा पसंतीक्रम) भरताना गुणवत्ता क्रमांकाचा रकाना आधी वाचावा.