ओल्या वसंतातली अलॉटमेंट: सपाट वाफा, गादीवाफा की फळ्यांची चौकट?

इंग्लंडमध्ये कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, भाजीपाला पिकवायला जमिनीचा तुकडा भाड्याने देते, ती अलॉटमेंट. त्यासाठी कौन्सिलच्या यादीत दोन-तीन वर्षं नाव पडून असतं आणि नेमकी मार्चमध्ये किल्ली हाती येते. अलॉटमेंटचा पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापाने दहा रॉड, सुमारे २५० चौरस मीटर, आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. नव्याने घेणाऱ्याला बऱ्याचदा अर्धाच मिळतो आणि सुरुवातीला तेवढा पुरतो. मग घरात चर्चा सुरू होते: आहे तशी जमीन खणून सपाट वाफे करायचे, माती चढवून गादीवाफे करायचे, की फळ्या आणून चौकटी ठोकायच्या? माझा प्लॉट इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये आहे, चिकणमातीचा. तिन्ही प्रकार करून पाहिलेत. तुमची माती रेताड, निचऱ्याची असेल तर सरळ सपाट वाफे करा. खालचं सगळं चिकणमातीवाल्यांसाठी.

सपाट वाफ्याला पैसा लागत नाही, फक्त कुदळ-फावडं लागतं. कोरड्या वर्षी तो उत्तम, कारण ओल खाली टिकते. पण ओल्या वसंतात त्याची परीक्षा असते. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सर्वांत ओले ठरले. त्या एप्रिलमध्ये मला धीर धरवला नाही. खणायचा काटा उपसला की त्याच्या भोकात पाणी भरत होतं, बूट चिखलात रुतत होते, तरी मी एका शनिवारी अर्धा प्लॉट खणून काढला. जूनमध्ये तिथे विटांसारखी ढेकळं होती आणि बीटाची मुळं बोटाएवढीच राहिली.

फोनवर आईला सांगितलं. आई साताऱ्याकडची, शेतातच वाढलेली. ती एवढंच म्हणाली, “अगं, वापसा तरी येऊ द्यायचास.”

सगळं त्या एका शब्दात आहे. आपण भातखाचरात मुद्दाम चिखलणी करतो, मातीतल्या पोकळ्या मोडतो, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही. ओली चिकणमाती खणताना आणि तुडवताना मी नकळत तेच केलं होतं, फक्त भाताऐवजी बीटासाठी. वापसा म्हणजे ओल उतरून माती काम करण्याजोगी होणं. तो ओळखायला यंत्र नको. वीतभर खालची माती मुठीत दाबा आणि अंगठ्याने टोचा. फुटली तर काम करा. गोळा तसाच राहिला, किंवा त्याची वळी वळता आली, तर घरी जा. सपाट वाफ्यात हा वापसा कधीकधी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येत नाही, आणि इथला हंगाम मुळातच आखूड असतो.

म्हणून मी गादीवाफ्याकडे वळले. आपल्याकडे कांद्याचं रोप, हळद, आलं असंच करतात, इथे ते मला उशिरा सुचलं. रुंदी १.२ मीटर ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. मध्ये ४५ सेंटिमीटरची वाट. वाटेतली वरची माती उचलून वाफ्यावर टाकायची, तो १०-१५ सेंटिमीटर चढला की वर ५ सेंटिमीटर कुजलेलं कंपोस्ट पसरायचं. नंतर खणायचं नाही. वाटेत लाकडाच्या चिप्स भरायच्या. बऱ्याच साइटवर झाडं छाटणारे लोक त्या फुकट टाकून जातात. वाटा उताराच्या दिशेने काढा, नाहीतर त्याच तळी होतात. माझ्याकडे गादीवाफ्याला शेजारच्या सपाट तुकड्यापेक्षा दोन-अडीच आठवडे आधी वापसा येतो. हे काम मात्र शरद ऋतूत, माती कोरडी असताना करायचं.

फळ्यांची चौकट दिसायला सर्वांत नीटनेटकी आणि निचऱ्याला सर्वांत चांगली. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर उंच चौकटीला पर्याय नाही. पण हिशोब करा. १.२ बाय २.४ मीटरची, २० सेंटिमीटर उंच चौकट भरायला अर्ध्या घनमीटरहून जास्त माती लागते. अशा सहा चौकटी म्हणजे साडेतीन घनमीटर, सगळी ढकलगाडीने आणायची. जुलैत ती लवकर सुकते आणि टाकीवरून झारी भरून आणणं रोजचं होतं. कोथिंबीर तर अशा कोरड्या जागी लगेच फुलावर जाते. आणि स्लग, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी. मी एकदा सैल झालेली फळी मागे ओढली, तर ओल्या फटीत अकरा बसल्या होत्या, आणि वाटाण्याची रोपं तिथून चार बोटांवर. जुने रेल्वे स्लीपर कुणी फुकट दिले तरी भाजीसाठी घेऊ नका, त्यांत क्रियोसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी रसायन, मुरलेलं असतं.

स्लगचा त्रास तिन्हींकडे आहे. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांना ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे, शेडमध्ये जुना डबा सापडला तर वापरू नका. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. मातीचं तापमान ५ अंशांवर गेलं की नेमाटोड, म्हणजे स्लगना मारणारे सूक्ष्म कृमी, पाण्यातून देता येतात. माझा भरवसा मात्र अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचण्यावर आहे.

वाफा कोणताही असो, ओल्या वर्षी वाटाणा, कोबी, बीट, पालक घरी ट्रेमध्ये रुजवून मगच न्या. थंड चिखलात बी कुजतं, आणि चार पानांचं रोप स्लगच्या एका रात्रीतून वाचू शकतं, कोंब वाचत नाही. गाजराला ट्रे मानवत नाही, ते एप्रिलअखेर गादीवाफ्यावरच पेरा. मेथीही तिथेच, पण मेच्या मध्यावर, जमीन उबदार झाल्यावर.

अर्ध्या प्लॉटवर आज पुन्हा सुरुवात करायची असेल तर मी दोन-तृतीयांश जागेत गादीवाफे करेन आणि उरलेली सपाट ठेवेन, बटाट्यासाठी. बटाट्याला नाहीतरी भर द्यावी लागते, वरंबा आपोआप तयार होतो. दोन आठवडे उशिरा लावला तर फारसं बिघडत नाही, चिखलात लावला तर बेणं सडतं. चौकट एकच, शेडजवळ, आई उन्हाळ्यात येते तेव्हा तिला न वाकता मेथी खुडता यावी म्हणून.

मार्चमध्ये किल्ली मिळाली असेल तर यंदा गादीवाफ्यांची घाई नको. गवतावर पुठ्ठा अंथरा, त्यावर १० सेंटिमीटर कंपोस्ट टाका, आणि त्यात ट्रेमधली रोपं लावा. चालायला एक रुंद फळी आडवी टाका, म्हणजे वजन पसरतं. ती रोज संध्याकाळी उलटी करून खाली स्लग दडल्यात का बघा.