एम्सिसॉफ्टचं स्टॉप-डीजेव्हीयू डिक्रिप्टर: फुकट आहे, पण आधी आयडीची शेवटची दोन अक्षरं बघा

लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ, पीक विम्याच्या पावत्या, सगळ्या फायलींच्या नावामागे एकच अनोळखी चार अक्षरी शेपूट लागलंय. फोटो उघडत नाहीत. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल पडलीय आणि तिच्यात ९८० डॉलर मागितलेत, ७२ तासांत दिले तर ४९०. (पुढच्या आवृत्त्यांत ९९९ आणि ४९९, बाटाच्या भावासारखे.) असं दिसलं की घरच्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा स्टॉप-डीजेव्हीयू घराण्यातलं रॅन्समवेअर असतं, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. ते येतं फोटोशॉप फुकटात चालवायच्या चोरट्या 'क्रॅक'मधून, नाहीतर विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करून देणाऱ्या टूलमधून. फायली लॉक होत असताना पडद्यावर खोटी 'विंडोज अपडेट'ची खिडकी फिरत राहते, म्हणून कोणी बंदही करत नाही.

तालुक्याच्या दुकानात नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "फॉर्मॅट मारून देतो." थांबवा त्याला. फॉर्मॅटने व्हायरस जातो, पण लॉक झालेल्या फायली, ती रीडमी आणि सी ड्राइव्हवरच्या 'सिस्टमआयडी' फोल्डरातली 'पर्सनलआयडी' ही फाइलही जाते (व्हायरसने तुमच्या कॉम्प्युटरला दिलेला आयडी, म्हणजे ओळखीची अक्षरं, तिच्यात असतो). पुढची सगळी आशा याच तीन गोष्टींवर आहे.

एम्सिसॉफ्ट या ॲंटीव्हायरस कंपनीने लॉक झालेल्या फायली उघडणारं हे टूल, म्हणजे डिक्रिप्टर, ऑक्टोबर २०१९ मध्ये काढलं, तेव्हापासून ते मोफत आहे. मात्र ते व्हायरस काढत नाही, फक्त कुलूप उघडतं. सफाई आधी. वायफाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट तोडा, पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा. हा व्हायरस विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) 'टाइम ट्रिगर टास्क' नावाचं काम टाकून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा जागा होतो. बॅकअपची डिस्क घाईने जोडली की तीही गेली. विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. मग टास्क शेड्युलर उघडून ते काम गेलं का, हे डोळ्यांनी बघा.

इथे एक खोड हमखास नडते. ॲंटीव्हायरसच्या साइट उघडतच नाहीत आणि माणूस टॉवरला शिव्या देतो. टॉवरचा दोष नसतो. व्हायरसने विंडोजच्या 'होस्ट्स' फायलीत त्या साइटची नावं भरून वाट अडवलेली असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि त्या फायलीतल्या परक्या ओळी पुसा.

आता मुद्द्याचं. पर्सनलआयडी फाइल उघडा. आयडीच्या शेवटी 'टी१' असेल तर तो ऑफलाइन आयडी. लॉक करताना व्हायरसला त्याच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, म्हणून त्याने सोबत आणलेली ठरावीक चावी वापरली. म्हणजे त्या घडीला गावातलं नेट गेलेलं असेल तर ते नशीबच म्हणायचं! ती चावी एम्सिसॉफ्टला मिळालेली असेल तर फायली उघडतात. मिळालेली नसेल तर टूल तसं सांगतं आणि पुढे कधी उघडू शकतील, असंही. शेवटी 'टी१' नसेल तर आयडी ऑनलाइन, चावी फक्त तुमच्यासाठी बनवलेली, आणि डिक्रिप्टरचा उपयोग शून्य. नेट मधेच आलं-गेलं असेल तर एकाच फायलीत दोन आयडी दिसतात. अशा वेळी काही फोटो उघडतात, काही नाही, आणि लोकांना वाटतं टूलच बिघडलं.

ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या जुन्या आवृत्त्यांची गोष्ट वेगळी. तिथे एकाच फायलीची चांगली आणि लॉक झालेली अशी जोडी द्यावी लागते, १५० केबीपेक्षा मोठी, आणि प्रत्येक प्रकारच्या फायलीसाठी वेगळी. चांगली प्रत व्हॉट्सॲपवरून उचलू नका. तिथे फोटो दाबून लहान केलेला असतो, जोडी जुळत नाही. मेलवर पाठवलेली किंवा कॅमेऱ्याच्या कार्डात राहिलेली मूळ फाइलच चालते.

वापरायला टूल सोपं आहे. ड्राइव्ह किंवा फोल्डर निवडा, 'डिक्रिप्ट' दाबा. चालताना नेट लागतं. आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लॉक झालेली मूळ फाइल ते आपणहून पुसत नाही, त्यामुळे मधेच लाइन गेली तरी नुकसान नाही, पुन्हा चालवायचं. पण त्यासाठी डिस्कवर जवळपास दुप्पट जागा हवी. भरलेल्या ५०० जीबी डिस्कवर ते अडतं, तेव्हा एकेक फोल्डर घ्या. तक्रार एवढीच की सगळे संदेश इंग्रजीत आहेत, आणि 'नो की' (चावी नाही) वाचून घरचे लोक हात टेकतात.

ऑनलाइन आयडीवाल्यांसाठी एक फट उरते. हा व्हायरस फायलीचा फक्त पहिला सुमारे १५० केबी भाग लॉक करतो. दोन जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओचं डोकं तेवढं उडालेलं असतं, धड शाबूत. डिस्कट्यूनाचं 'मीडिया रिपेअर' हे मोफत टूल त्याच कॅमेऱ्याचा एक चांगला व्हिडिओ नमुन्याला घेऊन असे व्हिडिओ बरेचदा चालते करतं. फोटो मात्र त्यात बसत नाहीत.

पाचपैकी चार गुण, 'टी१'वाल्यांसाठी. बाकीच्यांनी पैसे घेऊन ऑनलाइन आयडी "उघडून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये, त्याच्याकडेही चावी नसते. लॉक झालेल्या फायली रीडमीसकट एका डिस्कवर काढा, मग खुशाल फॉर्मॅट मारा. सोबत पासवर्ड चोरणारा दुसरा व्हायरसही अनेकदा आलेला असतो, म्हणून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड मोबाइलवरून त्याच दिवशी बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.