फोमच्या अल्जेब्रा टाइल्सचा सेट : सातवी-आठवीला शिकवणाऱ्यांनी घ्यावा का?

घरी सहावी ते आठवीच्या ट्युशन घेते, सेमीवाली आणि मराठी मिडीयमवाली पोरं एकाच सतरंजीवर, आणि बैजिक राशी आल्या की दोघांचीही गाडी एकाच ठिकाणी अडते: ३ एक्स + २ चं उत्तर ५ एक्स. कितीही घसा फोडा, चाचणीत परत तेच. म्हणून हा सेट ऑनलाइन मागवला, पाचशेच्या आतबाहेर पडला, कंपनी कुठलीशी, नावही न ऐकलेली.

आत छोटे पिवळे चौकोन म्हणजे १, लांब हिरव्या पट्ट्या म्हणजे एक्स, मोठे निळे चौकोन म्हणजे एक्स स्क्वेअर. सगळ्यांची मागची बाजू लाल, म्हणजे वजा. पट्टीची रुंदी छोट्या चौकोनाएवढी आणि लांबी मोठ्या चौकोनाच्या बाजूएवढी, म्हणजे आकार उगीच घेतलेले नाहीत, एक गुणिले एक्स असं क्षेत्रफळच आहे ते. आपण शिकवतो ना, ३ आंबे आणि २ केळी एकत्र होत नाहीत, ते मला कधीच पटलं नाही बघा. पोरांच्या डोक्यात एक्स म्हणजे आंबाच बसतो, संख्या नाही, आणि मग एक्स गुणिले वाय आलं की आंबा गुणिले केळं काय करणार, शिकरण? इथे पट्टीला लांबी आहे, फक्त किती ते माहीत नाही, एवढंच.

पण पैसे खरे वसूल झाले ते वजावाल्या कंसात. ५ एक्स − (२ एक्स − ३) ला निम्मी पोरं ३ एक्स − ३ लिहितात, पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात आणि दुसऱ्याला विसरतात. टाइल्सवर काय करायचं, ५ हिरव्या पट्ट्या वर मांडायच्या, खाली कंस म्हणून २ हिरव्या आणि ३ लाल चौकोन, आणि कंसाआधी वजा आहे ना, मग खालची सगळी ओळ पलटायची, एकही तुकडा सोडायचा नाही. पट्ट्या लाल झाल्या, चौकोन पिवळे झाले. आता एक हिरवी एक लाल जोडी शून्य, उचलून डब्यात. राहिलं ३ एक्स + ३. माझ्याकडची सातवीतली एक मुलगी आता वहीत कंस सोडवताना नुसता तळहात उलटा करते, तुकडे हातात नसतानाही!

आता तक्रार. एक्सची पट्टी बरोब्बर पाच छोट्या चौकोनांएवढी केलीय. चांगल्या सेटमध्ये ती मुद्दाम पूर्ण आकड्यात न बसणारी ठेवतात, इथे पोरांनी पहिल्याच दिवशी चौकोन लावून मोजलं आणि एकाने सरळ वहीत लिहिलं, एक्स = ५. झालं ना सगळं मुसळ केरात. शेवटी स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन सगळ्या हिरव्या पट्ट्यांचं टोक थोडं छाटलं, मोठ्या चौकोनांच्याही दोन बाजू तेवढ्याच, नाहीतर ते जुळत नाहीत. तुम्ही घेतलात तर आधी हे तपासा.

आठवीला (एक्स + २)(एक्स + ३) चा आयत मांडून दाखवा, १ मोठा, ५ पट्ट्या, ६ छोटे, आणि तेच उलटं केलं की अवयव. मस्त जमतं. पण दोन्ही कंसांत वजा असेल तर तुकड्यांवर तुकडे ठेवायला लागतात आणि मीच गोंधळते, ते सरळ फळ्यावर घ्या. वाय आणि एक्स वायचे तुकडे या सेटमध्ये नाहीतच, आणि पुस्तकात तर दोन चलांची गणितं लगेच येतात. एक्स क्यूबचा तर प्रश्नच नाही, सपाट तुकड्यात घन कुठून आणणार.

मोबाइल किंवा लॅपटॉप असेल तर पॉलीपॅड नावाच्या वेबसाइटवर ह्याच टाइल्स फुकट आहेत, विकत घ्यायच्या आधी तिथे बघून घ्या. पण आठ-दहा पोरांत एक मोबाइल म्हणजे नुसती ओढाओढी, त्यापेक्षा रंगीत कार्डशीटचे कापलेले तुकडेही चालतात, फक्त मागून लाल चिकटवायला विसरू नका. डबा फार तकलादू निघाला, झाकण लगेच गेलं, सध्या सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. पाचपैकी साडेतीन, आणि तेही कटरने छाटल्यानंतरचे.